खारूचे जादा तास

खारूने तक्त्यावरची सगळी अक्षरं धडाधड म्हणून टाकली, वरच्या एकट्या मोठ्या अक्षरापासून थेट खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, आणि त्यातलं एकही अक्षर तक्त्यावर नव्हतं. कुठे अडखळली नाही की कुठे डोळे बारीक केले नाहीत. डाव्या डोळ्यावर तळहात, पाय जुळवलेले, हनुवटी वर, शाळेत उभं राहायला शिकवतात तशी उभी. रांगेतल्या पोरांना गंमत वाटली, मागे कोणीतरी खिदळलं, आणि वर्गाच्या बाई म्हणाल्या, "अगं, सर विचारतात ते नीट सांग." सर म्हणजे तोच, खारूचा बाप. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करणारा. मालकांनी यंदा शाळेतल्या मुलांची फुकट तपासणी जाहीर केली आणि स्वतः गल्ल्यावर बसून राहून त्याला इकडे धाडलं. "बरोबर आलं ना, सर?" खारूने विचारलं. शाळेच्या आवारात शिरलं की बापसुद्धा सर, हा नियम तिला कोणी घालून दिला होता की तिने आपणच लावून घेतला होता, कोण जाणे. त्याला आधी वाटलं, पोरगी थट्टा करतेय. जेवताना घास गालात साठवून ठेवायची आणि गिळला म्हणून सांगायची, तेव्हापासून ती खारू. फसवाफसवीचा तिला कंटाळा नव्हता. पण तिच्या तोंडावर थट्टा नव्हती. आणि मग त्याच्या लक्षात आलं की ही अक्षरं त्याला पाठ आहेत, ह्याच क्रमाने, ह्याच ठेक्यात. हा दुकानातला तक्ता होता. दुकानातला जुना तक्ता भिंतीला असा चिकटून बसला होता की तो काढायला गेलं तर फाटलाच असता, म्हणून कंपनीने दिलेला नवा कोरा तक्ता त्याने आज शाळेत आणून खिळ्याला टांगला होता. आणि त्याची मुलगी नव्या तक्त्याकडे बघून जुना तक्ता म्हणत होती, कारण तिला दोन्हींतला कुठलाच दिसत नव्हता.

"थोडी पुढे ये," तो म्हणाला. ती एक पाऊल पुढे आली. "अजून." ती अजून आली. "आता वरचं काय आहे?" तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "आधी म्हटलं तेच," ती म्हणाली, पण आवाज जरा पडला होता. तो तिला पुढे पुढे बोलावत राहिला, आणि ते मोठं, घोड्याएवढं अक्षर तिला ओळखू आलं तेव्हा तिचं नाक जवळजवळ तक्त्याला लागायचं बाकी होतं. आता पोरं हसली नाहीत. पोरांना अशा गोष्टी आपल्याआधी कळतात. त्याने तिला कोपऱ्यातल्या अंधारात नेलं, खुर्चीवर बसवलं आणि डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवून पाहिलं. उजेड उलटा सरकत होता, म्हणजे लांबचं दिसत नव्हतं. ह्या कामाला बोलणं लागत नाही, पाठांतर चालत नाही. डोळा आपलं आपण सांगतो. दुकानात येणाऱ्या कुठल्याही पोराचं त्याने आधी हेच केलं असतं. खारूचं केलं नव्हतं. तिला दर वाढदिवसाला दुकानात उंच खुर्चीवर चढवायचं, "म्हण पाहू" म्हणायचं, ती घडाघडा म्हणायची, आणि तो तिला उचलून खाली घ्यायचा आणि बायकोला सांगायचा, नजर बघ कशी आहे, घारीची. जी पोरगी शेवटची ओळ वाचते तिच्या डोळ्यात उजेड कशाला मारायचा. गिऱ्हाइकाच्या पोराला जेवढं मिळायचं तेवढंही त्याने आपल्या पोरीला दिलं नव्हतं.

चाचणीची जड गोल फ्रेम त्याने तिच्या नाकावर ठेवली, दोन भिंगं घातली, बदलली, पुन्हा घातली.  मग खारूने मान वळवली, दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं आणि एखादी बातमी सांगावी तसं म्हणाली, "बाईंच्या हनुवटीवर तीळ आहे." बाई हसल्या. जवळ येऊन त्याला हळूच म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." त्यांच्या बोलण्यात काही लागट नव्हतं, समजूत घालण्यासाठीच म्हणाल्या होत्या. तोही हसला. पण वर्षभर रोज, आणि हल्ली तर दिवस दिवस, ज्या बाईसमोर पोरगी बसत होती तिचा तीळ तिला आज दिसला होता, आणि दिवस दिवस हा शब्द त्याच्या मनात आला तेव्हा तो हसायचा थांबला.

कारण दिवस दिवस तिला बसवली होती त्याने. शाळा खरी दुपारपर्यंतच. सहामाहीनंतर ह्याच बाईंनी त्याला बोलावून घेतलं होतं. वर्गात कोणी नव्हतं, बाकांवर खुर्च्या पालथ्या घातलेल्या, आणि तो लहान मुलांच्या बाकावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसला होता. "मुलगी गुणी आहे," बाई म्हणाल्या, "पण मागे पडतेय. फळ्यावरचं उतरवून घेत नाही. लक्ष नसतं तिचं, कुठेतरी भलतीकडेच बघत असते. दुपारी जादा तासांना थांबली तर थोडा सराव होईल. अर्थात तुमची इच्छा. एवढ्या लहान मुलांना इतका वेळ शाळेत ठेवावं असं माझंही मत नाही." फळ्यावरचं उतरवून घेत नाही. हे वाक्य घेऊन कोणतेही आईबाप दुकानात आले असते तर त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याने पोराला खुर्चीत बसवलं असतं. पण ते वाक्य त्याच्या कानावरून गेलं, कारण त्याचे कान पुढच्या वाक्यावर होते. दुपारी थांबली तर. बाई अजून बोलतच होत्या आणि त्याला पोटातून एकदम गार, हलकं वाटलं होतं, उन्हातून येऊन फरशीवर पाय ठेवावेत तसं. पडत्या फळाची आज्ञा. "तुम्ही म्हणता तर ठेवूया," तो म्हणाला होता, आणि चेहरा जमेल तेवढा गंभीर केला होता.

दुपारी दुकान बंद असायचं. मालक घरी जायचे, शटर अर्धं खाली, आणि तो शाळेतून खारूला घेऊन यायचा. मग दुकान उघडेपर्यंत ते दोघं आणि भिंतीभर चष्मे. तिला भूक लागायची, मग तहान लागायची, मग शू लागायची, मग काही लागायचं नाही आणि ती विचारायला लागायची. काचेला नंबर कोण देतं. आंधळ्या माणसाला स्वप्नात दिसतं का. तू लहानपणी कोण होतास. तो फ्रेमा पुसता पुसता हं हं करायचा, आणि डोळे मिटायला लागले की तिला तक्त्यासमोर उभं करायचा. म्हण. ती म्हणायची. पुन्हा म्हण. तक्त्याला तिने चाल लावली होती. तेव्हा ती लहान होती, अक्षरं नुकती ओळखायला लागली होती, आणि त्याला अभिमान वाटला होता की शाळेने शिकवायच्या आधीच आपण तिला अक्षरं शिकवली. आता त्याला आठवत नव्हतं की त्या दिवसांत ती तक्त्यापासून किती लांब उभी असायची. लांब असेल, जवळ असेल. त्याचे डोळे तर मिटलेले होते.

जादा तास सुरू झाले आणि दुपार त्याची झाली. तपासणीची खोली आत, खिडकी नसलेली, काळ्या पडद्याची. दार लावलं की रस्ता नाही, मालक नाहीत, कोणाच्या डोळ्यात पाहायचं नाही. तो उंच खुर्ची मागे टेकवायचा, तिच्यात आडवा व्हायचा आणि झोपायचा. चैन म्हणावी तर एवढीच. दारू नाही, जुगार नाही, बाई नाही. नुसती झोप, आणि झोपेच्या आधीची ती थोडी घटका, जिच्यात आपण कोणाचे कोणी नसतो. बायकोला हे त्याने सांगितलं नव्हतं. ती प्रयोगशाळेत रक्त तपासायची, सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. जादा तासांचं कळलं तेव्हा ती भाकरी तव्यावर टाकता टाकता थांबली होती. "एवढीशी पोर ती, तिला एवढी शाळा कशाला?" ती म्हणाली होती. "तू आणतोसच ना दुपारी. तुझ्याजवळ चार अक्षरं गिरवेल." तो म्हणाला, "बाईच म्हणतात मागे पडते. आणि दुपारची हल्ली गर्दी असते दुकानात, लक्ष द्यायला होत नाही." बंद दुकानात गर्दी. खोटं बोलताना माणसाने निदान शटर तरी वर ठेवावं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गर्दी असेल तर प्रश्नच मिटला." तेव्हापासून ती रोज रात्री खारूला एकच विचारायची, "कंटाळतेस का गं दुपारी?" आणि खारू तोंडात घास असल्यासारखी मान हलवायची, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळायचं नाही.

तपासणी आटोपली आणि तो खारूला घेऊन निघाला. जादा तास आज नव्हते, सगळा वर्ग सुटला होता. फ्रेम काढून घेतल्यावर ती पुन्हा आपल्या धुक्यात गेली होती आणि अगदी सवयीने त्याच्या सदऱ्याची कड धरून चालत होती. ही कड ती लाडाने धरते असं त्याला आजवर वाटत आलं होतं. रस्ता ओलांडताना तिने लाल हिरवा दिवा पाहिला नाही, माणसं हलली तशी हलली. "तुला फळा दिसत नव्हता का गं?" त्याने विचारलं. "दिसतो की," ती म्हणाली. "काळा आहे." "त्याच्यावरचं?" "ते बाई वाचून दाखवतात. मग मी ऐकून लिहिते. कधी कधी बाई वाचत नाहीत, नुसतं लिहितात, मग मी शेजारणीचं बघते. मग ती सांगते बाईंना." "आणि दुपारी?" "दुपारी पण तेच. दुपारी फक्त जास्त वेळ."  तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" खारूने विचार केला. "मला वाटलं सगळ्यांना तसंच दिसतं. आणि शाळा म्हणजे तशीच असते." पुढे ती म्हणाली, "तू रागावलास का? मी तक्ता चुकीचा म्हटला?" "नाही." "तो पाठ करायचाच असतो ना?" तिच्या दृष्टीने सगळं पाठच करायचं होतं. प्रार्थना पाठ, पाढे पाठ, कविता पाठ. मोठी माणसं भिंतीकडे बोट दाखवतात आणि लहान माणसांनी म्हणायचं असतं. भिंतीवर खरोखर काही असतं आणि ते दिसू शकतं, ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती.

संध्याकाळी दुकानात तिच्या काचा घासायला टाकताना त्याचं मन आपल्या बाजूने वकिली करत राहिलं. नंबर काही जादा तासांनी लागत नाही, तो रक्तात असतो, त्याच्या सासऱ्यांना बाटलीच्या बुडासारखा चष्मा होता. हे खरं होतं. मग त्याच मनाने दुसरी बाजू घेतली: पोरांनी उघड्यावर असावं, लांबवर बघावं, हे गिऱ्हाइकांना तूच सांगतोस ना, भिंग पुसता पुसता, फुकटचा सल्ला म्हणून? खारू लांबवर कधी बघणार होती? सकाळी वर्ग, दुपारी वर्ग, मग दुकान, मग घरातला दिवा. तिला त्याने पाहिली होती ती नेहमी हाताच्या अंतरावर, वेणी घालताना, भरवताना, निजवताना. तिला लांब काही बघताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तर ती बघत नाही हे त्याला कळलं असतं. तो लहान असताना त्याची आई दुपारी झोपायची, डोळ्यांवर हात आडवा घालून, आणि शाळा दुपारी सुटलेली असल्यामुळे तो तिच्या शेजारी पडून असायचा, झोप येत नसताना. हलायचं नाही, बोलायचं नाही. खिडकीतून दूरवर एक उंच मनोरा दिसायचा आणि त्याच्यावर रंग देणारा माणूस. तो माणूस आज किती वर गेला हे बघण्यात त्याच्या दुपारी गेल्या. केवढा कंटाळा होता तो. आणि आईच्या अंगाचा ऊबदार वास, आणि मधूनच झोपेतच तिने टाकलेला हात. आईला काही त्याच्यापेक्षा कमी झोप हवी होती असं नाही. दुपारची शाळा तेव्हा असती तर तिनेही त्याला ठेवला असता का? त्याने प्रामाणिकपणे विचार केला. ठेवलाही असता. पण नव्हती, म्हणून तो तिच्या शेजारी होता, आणि आज त्याला तेवढंच आठवत होतं. सकाळी शाळेत काय शिकवलं त्यातलं फारसं काही नाही. पोरांनी शाळेत किती वेळ असावं हे कोण ठरवतं? बाई म्हणतात आईबापांनी, आईबाप म्हणतात बाईंनी. आणि ठरतं ते कोणाला कधी डुलकी येते त्यावर.

रात्री त्याने बायकोला चष्म्याचं सगळं सांगितलं, झोपेचं सोडून. ती ऐकत बसली. मग म्हणाली, "म्हणजे फळा दिसत नव्हता म्हणून तिला आणखी वेळ फळ्यासमोर बसवली आपण." आपण म्हणाली, तू म्हणाली नाही. तू म्हणाली असती तर त्याला भांडता आलं असतं. "आता बंद कर ते जादा तास," ती म्हणाली. "होईल ना तुला? गर्दी असते म्हणालास." "होईल," तो म्हणाला. "मी उद्याच बाईंशी बोलतो." त्या क्षणी ते खरं होतं. पण दुसऱ्या दिवशी बाई कामात होत्या. तिसऱ्या दिवशी त्याने विचार केला, चष्मा हाती येऊ दे, सवय होऊ दे. चष्मा आला. खारूने आपणच निवडलेली जांभळी फ्रेम, कानामागे जरा सैल. त्यानंतर ती रस्त्याने चालायची ती वाचत. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, समोरच्या गच्चीवर वाळणारे कपडे कोणाचे, खांबावर बसलेला पक्षी इकडे तोंड करून आहे की तिकडे. सदऱ्याची कड सुटली. माणसांच्या तोंडाकडे तर ती इतकी टक लावून बघायची की बायकोने तिला दटावलं, "असं खाऊ की गिळू बघू नये लोकांकडे." "पण त्यांची तोंडं हलतात," खारू म्हणाली. "बोलत नसले तरी हलतात." आणि दुपारी ती अजून जादा तासांना जातच होती, आणि तो पडद्याआड आडवा होतच होता, फक्त आता झोपेच्या आधीची ती घटका येत नव्हती. डोळे मिटले की कोणीतरी समोर बसून उजेडाची पट्टी फिरवतंय असं वाटायचं. तरी झोप लागायचीच. शरीराला लाज नसते.

एक दिवस मात्र तो ठरवून गेला. जाग आली ती घाबऱ्याघुबऱ्या, खुर्चीत मान अवघडलेली. तोंडावर पाणी मारलं न मारलं आणि निघाला, कारण आज सांगायचंच, आजच्या आज, नाहीतर कधीच नाही. शाळेचा लांब व्हरांडा ह्या वेळी रिकामा असायचा. त्या टोकाला दप्तरांच्या खुंट्या, तिथे खारू वाकून बुटाची नाडी बांधत होती. ह्या टोकाला बाई दाराशीच भेटल्या. त्याने तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. अहो, पोरगी काय सुटलीय. आठवड्यात सगळं भरून काढलं. आता हिला जादा तासांची काहीएक गरज नाही. उद्यापासून दुपारीच घेऊन जा." हेच तर त्याला म्हणायचं होतं. ह्याच शब्दांत. आणि त्यांनी म्हटल्याबरोबर त्याच्या आत काहीतरी कोसळलं. उद्यापासून. त्याने हो म्हणायला तोंड हलवलं, हसूही आणलं असावं, पण ते येण्याआधी मध्ये एक निमिष गेलं आणि त्या निमिषात त्याच्या तोंडावर काय आलं ते त्याला ठाऊक होतं, कारण आतून ते त्याला जसंच्या तसं जाणवलं. बाईंना दिसलं नाही, त्या किल्ल्या शोधत होत्या. त्याने वर पाहिलं. व्हरांड्याच्या त्या टोकाला खारू उभी राहिली होती, एक नाडी सुटलेली, जांभळा चष्मा सरळ त्याच्यावर लावून.

ती चालत आली. धावत नाही आली. जवळ येऊन तिने मान तिरकी करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग बोट त्याच्या गालाला लावलं, कानापासून खाली. "इथे रेघ आहे," ती म्हणाली. "खुर्चीच्या शिवणीची. काल पण होती." त्याने गालावर हात फिरवला. "बाई, मी थांबते ना दुपारी," ती वळून म्हणाली, "मला चालतं." "बघा, शाळेची गोडी लागली," बाई त्याला म्हणाल्या. खारू त्यांच्याकडे बघत नव्हती. लाजेने त्याचे कान तापले होते, आणि त्या लाजेच्या अगदी बुडाशी, खोटं कशाला बोला, सुटल्यासारखंही वाटलं होतं. तो खाली बसला. तिची सुटलेली नाडी हातात घेतली आणि बांधायला लागला, म्हणजे वर बघायला नको. "नाही," तो म्हणाला, "उद्यापासून दुपारी मी येणार तुला न्यायला. रोज. आपण दोघं लांब कुठेतरी बसू, काहीतरी बघत." नाडी बांधून झाली. त्याला शेवटी मान वर करावीच लागली. खारू त्याच्याकडे बघत होती, रागाने नाही, रुसून नाही, खरोखरच काळजीने.

"मग तू कधी झोपशील?" तिने विचारलं.